मला राग आला होता

पोरगी गप्प झाली की आमच्याकडं एक तर ती लाजली असं समजत, नाहीतर तिला लागीर झालं असं. सन पन्नास-पंचावन्नच्या सुमाराला मी चौदा वर्षांची होते आणि या दोन्हींतलं काहीच मला झालेलं नव्हतं. आई गेली होती. तिचे दिवस होताच घरात ठरलं की भाकऱ्या आता मी थापायच्या, म्हणजे शाळा सुटली आणि सातवीची फायनल बुडाली. मला कुणी विचारलं नाही. मग मीही माणसांशी बोलायचं सोडलं, जेवणही निम्म्यावर आलं.

निमगाव केतकीच्या देवऋष्यानं लिंबू उतरवलं, अंगारा लावला. गुण येईना. तेवढ्यात विलायतेत शिकलेला एक डॉक्टर इंदापूरला सासुरवाडीला आल्याचं कळलं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि आत्या मला बैलगाडीत घालून तिकडं घेऊन गेले.

डॉक्टर माणूस भला होता, पण प्रश्न सगळे तिकडचेच घेऊन आला होता. "स्वतःच्या खोलीत एकटी बसून राहतेस का?" दोन खणांच्या घरात आम्ही सात माणसं आणि एक म्हैस! मग म्हणाला, "माझ्याकडे बघून बोल." परक्या पुरुषाच्या डोळ्याला डोळा देणारी पोरगी आमच्यात आगाऊ ठरते. मी खाली बघत राहिले आणि माझी उत्तरं रीतीप्रमाणं आत्या देत राहिली.

"आई गेली ना हिची? तिच्याशी बोलते वगैरे?"

"व्हय तर," आत्या म्हणाली. "आमच्याशी चकार शब्द न्हाय, पण जात्यावर बसली की आईसंगं बोलती. रोजच्या रोज."

डॉक्टरचा चेहरा उतरला. पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात काही महिने ठेवावं लागेल, असं त्यानं आबांना सांगितलं. आबांनी मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, जात्यावरची ओवी म्हणजे समोर नसलेल्याशी बोलणंच की!

"आत्याबी बोलती जात्यावर," मी म्हणाले. "भाऊराया कवा येशील, म्हणून गळा काढती. आन् भाऊ तर भिंतीपल्याड घोरत असतो! तिलाबी धाडा पुण्याला."

डॉक्टर गडबडला. "मग तुला होतंय तरी काय?" हे त्यानं आधी विचारायला हवं होतं.

"राग आलाय. आई गेली त्याचा. शाळा सोडवली त्याचा."

"पोरीच्या जातीला कसला आलाय राग?" आत्या फणकारली.

डॉक्टरनं पुण्याचं नाव पुन्हा काढलं नाही, ताकदीच्या औषधाची बाटली दिली. देवऋष्याला भूत दिसलं, याला वेड दिसलं. त्या दोघांवर मी आजही चिडते, आणि माफ करायचा माझा विचार नाही.

पुढच्या सोमवारी उठून भाकऱ्यांची चवड रचली आणि दप्तर घेतलं. आत्या दारात आडवी झाली. "हिला खरंच याड लागलं!"

"व्हय, लागलंय," मी म्हणाले. "आता याड्या माणसाला अडवून दावा."

आबा गोठ्याच्या दारात उभे होते. "आक्का, सर बाजूला," ते आत्याला म्हणाले. "जाऊ दे तिला."

शाळा येईपर्यंत मी भर रस्त्यानं मोठमोठ्यानं रडत गेले. बघणाऱ्यांनी खुशाल बघितलं.