दामूदादानं सोडलेली तंबाखू

"डॉक्टर, दामू गेला. तुमी एवढी तंबाखू सोडवलीत, काय उपेग झाला?" फोनवर बाळाराम, दामूदादाचा धाकटा भाऊ. महिन्यापूर्वी सकाळी सकाळी बातमी आली ती अशी, टोमण्यासकट. आणि बोलतानाही त्या गृहस्थाच्या तोंडात बार भरलेला! मी फोन ठेवला आणि पनवेलच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात एकटाच मोठ्यानं शिवी दिली.

बेलपाड्याचा दामूदादा माझ्याकडे पहिल्यांदा आला तो दाढ दुखते म्हणून. गालात, तंबाखू धरायचा तिथे, पांढरा चट्टा. "दाढ राहू दे बाजूला, आधी ही सोड," मी म्हणालो. "सोडीन. पन हलद आली का पंचाईत," तो म्हणाला. खरंच होतं. त्यांच्याकडे हळदीला सगळं गाव जमणार आणि बाळाराम मळलेली तंबाखू तळहातावर घेऊन चारचौघांत त्याच्यापुढे धरणार, "घे रे, का बायको मारते?" मग दामूदादा मांडवाबाहेर येऊन मला फोन करायचा, "डॉक्टर, बोला कायतरी." मी क्रिकेटवर, जमिनीच्या भावावर, उलव्याच्या नव्या टॉवरांवर वाट्टेल ते बडबडायचो, तो बडीशेप चावत ऐकायचा. तलफ उतरली की फोन कट, आभार वगैरे काही नाही! पण त्यानं सोडली. अख्ख्या खानदानात पहिला. चट्टा पुढे बिघडलाच... सोडल्यानं धोका घटतो, पुसला जात नाही, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. अर्धा जबडा काढला, तरी गडी ताठ. "मरीन, पन सुटून मरीन," म्हणायचा.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड मांडला. कावळा शिवेना. ऊन चढलं, लोक घड्याळं बघू लागले. बाळारामनं खिशातली पुडी फोडली आणि चिमूटभर तंबाखू पिंडाशी ठेवली. दामूदादाची बायको, सुरेखावहिनी, "नको, नको" म्हणेपर्यंत कावळा उतरला आणि शिवला. "बघा! जीव तिथंच अडकलेला," बाळाराम म्हणाला. उरलेली त्यानं मळली, स्वतः घेतली, शेजारच्यांना वाटली. एका माणसाची इतक्या वर्षांची झुंज एका नालायकानं क्षणात मातीत घातली. मला संताप आला होता, अजून आहे.

परवा वहिनी दवाखान्यात आल्या. बसल्याही नाहीत. "डॉक्टर, खरं सांगा... ते चोरून खायचे का?"

मी पेशंटच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. दर खेपेला दामूदादा तिच्यात टेकायच्या आधीच आ करायचा, "बघा, हाय का काय?" ऑपरेशननंतर तोंड बोटभरही उघडत नव्हतं, तरी डोळ्यांत पाणी येईस्तोवर आ करायचा, मला टॉर्च घेऊन बघायलाच लावायचा.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"मग कावला कसा आला?"