सावलीचं कलम

माझ्या हातानं घडवलेल्या फरशीवर शिपायानं बादलीभर पाणी ओतलं. आम्ही तिथं बसू नये म्हणून.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. कचेरी नवी, पोर्च नवा. त्या पोर्चचा दगड मी छिन्नीनं घडवलेला. आणि दुष्काळ. आम्ही उदगीरकडून काम मागायला आलो होतो. बाहेर एक झाड न्हाई. सावली फक्त पोर्चखाली, ती साहेबाच्या जीपसाठी.

"उठा रे, गाडी लागायचीय."

"येईस्तोवर बसू द्या की, मालक." शिपायाला मी मालक म्हणालो. मी!

त्यानं बादली ओतली. सगळे उठले. माझी बायको उठली न्हाई. गावात टँकर चार दिवसाला यायचा. तिनं ते पाणी पदरानं टिपलं, तांब्यात पिळलं. शेळीसाठी.

पायरीवरून साहेब म्हणाले, "बघा, फरशीपण पुसून झाली. फुकटात."

सगळे हसले. मीपण हसलो.

घरी आल्यावर एवढंच बोलली, "तुमी का हसलात?" मरेपर्यंत पुन्हा विचारलं न्हाई. मला मात्र रोज ऐकू येतं.

आता सरकारी इमारती कशा दिसाव्यात, याचा कायदा करायलेत. हरकती मागवल्या, सुनावणी त्याच कचेरीत. माझी शाळा तिसरी. मसुदा अक्षराला अक्षर लावून वाचायला आठ दिवस लागले. दर्शनी भाग भव्य असावा. खांब किती, कमान कशी, वाहनासाठी पोर्च केवढा. आलेल्या माणसानं कुठं थांबावं? एक ओळ न्हाई.

सुनावणीत नव्या साहेबापुढं मी उभा राहिलो. "माणसाला सावली अन् पाणी, हे कलम आधी घाला. खांब मागून."

"आजोबा, हा वास्तुकलेचा विषय आहे. शिक्षण किती?"

"तिसरी. तुमची गाडी ज्या दगडावर उभी हाय, तो मी घडवलाय."

"दगड टिकला, शाळा टिकली नाही," मागून कुणीतरी म्हणालं. सभागृह हसलं.

मी न्हाई हसलो.

कारकुनानं कागद सरकवला. "सूचना नोंदली. इथं अंगठा करा."

मी वाचायला लागलो.

"वाचता काय बाबा, लोक खोळंबलेत."

खोळंबू दे. कागदावर माझं नाव, गाव, आणि खाली लिहिलेलं: मसुद्याला हरकत नाही.

शाईचा डबा मी ढकलला. त्याच्याच हातातला पेन घेतला. ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'हरकत हाय. सावली अन् पाण्याचं कलम पायजे.' आणि सही केली, ठळक.

"ह्याची नक्कल द्या."

"नक्कल मिळत नाही."

"मग मी पोर्चमध्ये बसतो."

आज तिसरा सोमवार. हे तिथंच बसून लिहितोय, माझ्याच दगडावर. कलम घालेपर्यंत दर सोमवारी येणार. गाडी आली तर थांबेल उन्हात. बादली आणायची तर आणा, ओता. मी उठणार न्हाई.

आणि हसणार तर मुळीच न्हाई.