पांढऱ्या गणवेशाचं ठिगळ

कोर्टात साक्ष द्यायच्या आदल्या आठवड्यात शिंपीणमावशीने दोन बाह्या उलट्या जोडल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. हात मशीनवर, चित्त कोर्टात!

समोरच्या दवाखान्यातली नर्स एका दुपारी मावशीनेच नवा शिवलेला गणवेश फाटला म्हणून घेऊन आली होती. "मावशी, आत्ताच्या आत्ता शिवून द्या. आईला दिसायला नको," एवढंच बोलली. फाटकं दिसलं की मावशीला राहवत नाही. तिने लोंबते धागे कापून केरात टाकले, आतून ठिगळ लावलं, वर इस्त्रीही फिरवली. दोन दिवसांनी नर्सने तक्रार केली, की डॉक्टरने तिच्यावर जबरदस्ती केली. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. तिचा शब्द, त्याचा शब्द आणि पुरावा म्हणून तो गणवेश, मावशीने चांगला नीटनेटका करून ठेवलेला. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

सून म्हणाली, "दवाखान्याचं सगळं शिवणकाम आपल्याकडे आहे, सासूबाई. आठवत नाही म्हणा आणि मोकळ्या व्हा." मावशी त्या रात्री जेवली नाही.

कोर्टात डॉक्टरच्या वकिलाचा आवाज अगदी मधासारखा. "बाई, पोरगी वाकली आणि तुमची कच्ची शिवण उसवली. असंच ना?"

मावशीचा पारा चढला. "माझी शिवण जागेवर आहे. शेजारचं कापड फाटलंय. ठिगळ काढून बघा ना! वाकून फार तर शिवण सुटते. नवं कापड फाटायला कुणीतरी ओढावं लागतं."

न्यायाधीशबाईंनी तिलाच ठिगळ उसवायला लावलं. मूळ शिवणीच्या टाक्यांची ओळ शाबूत निघाली आणि तिच्या कडेने कापड तिरकं फाटत गेलेलं सगळ्यांना दिसलं.

वकिलाने मोहरा बदलला. "तेव्हा ती रडत होती?"

"नाही."

नर्सची मान खाली गेली.

"म्हणजे शांत होती."

"शांत कसली! बस म्हटलं तर बसेना. दाराकडे पाठ करीना."

"इतकं दिसलं, तर विचारलं का नाहीत?"

मावशीने डॉक्टरकडे पाहिलं, मग नर्सकडे.

"कळलं होतं, म्हणूनच विचारलं नाही. गणवेशांचं काम गेलं असतं माझं."

टाइप करणारा थांबला.

"लिहा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "जसंच्या तसं."