लाल पट्ट्याचा डबा

भेटलं की ती आधी तुमचे हात पाहायची. नमस्कार नाही, कसं काय नाही. तुमचा हात धरायची, उलटा करायची, पुन्हा सुलटा करायची आणि सोडून द्यायची. नवीन माणसाला वाटायचं, बाई भविष्य सांगते. आमच्या शेजारचे मास्तर एकदा मोठ्या आशेनं म्हणाले, "काय लिहिलं आहे सिस्टरबाई? बदली होते का?"

"लिहिलं आहे, नखं कापा म्हणून."

दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, म्हणून सारे सिस्टरबाईच म्हणत. रिटायर झाली आणि धरमपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्या घेऊन एकटीच राहू लागली. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तो नवरा गेला, मग नर्सिंग शिकली. एवढंच तिनं स्वतःबद्दल सांगितलं, तेही मी दहादा विचारल्यावर. मी बोलकी, ते तुम्हाला आता कळलंच असेल. ती नव्हती. पण संध्याकाळचा चहा मात्र रोज माझ्याकडे घ्यायची. दुसऱ्या कोणाच्या घरी तिला बसलेलं मी पाहिलं नाही.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट असेल. गल्लीच्या कोपऱ्यावर उकिरडा होता. साऱ्यांचं सारं तिथे पडायचं. राख, साली, फुटक्या बांगड्या, दाढीची ब्लेडं, औषधाच्या शिश्या. झाडूवाली जानकीबाई सकाळी यायची, आधी गल्ली झाडायची आणि मग ते सारं टोपल्यात भरायची. कशानं भरायची? हातानं. आम्ही रोज पाहत होतो. पाहत होतो म्हणजे काय, दिसत होतं.

एकदा मी आमच्या ह्यांचं जुनं ब्लेड सालींबरोबर टाकायला निघाले, तर सिस्टरबाईनं वाटेतच अडवलं. "यात हात कोणाचा जाते वं?"

मी म्हटलं, "कोणाचा म्हणजे?"

"तेच तं इचारून राहिली."

दवाखान्यात अशाच एका झाडूवाल्याचा अंगठा तिनं बांधला होता. गंजका पत्रा लागला होता. चार दिवसांत धनुर्वातानं गेला. हेही तिनं एकदाच सांगितलं, चहा पिता पिता. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच. काच-पत्रा-ब्लेड वेगळं. बाकी गल्लीनं काय वाट्टेल ते करावं.

घरोघर सांगून पाहिलं. बाया मान हलवायच्या आणि दार लागलं की विसरायच्या. मग तिनं वनस्पती तुपाचे रिकामे डबे जमवले, कडी लावून घेतली, प्रत्येकावर लाल रंगाचा पट्टा ओढला. पण डबा घेणार कोण?

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाले तू हे वाण लूट," ती म्हणाली. "माझ्या हातून तं कोणी घेणार नाही. अन् वाण कोणी परत करत नाही."

विधवा बाईनं हळदीकुंकू करायचं नाही, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिनंच सांगितलं, तेही अगदी पावशेर साखर आण म्हणावं तसं.

माझ्या सासूबाईंनी डब्यांची रास पाहिली आणि कपाळावर हात मारला. "लोकं वाट्या देतात, कंगवे देतात. तू कचरा लुटून राहिली का वं?" पण लुटला. तिळाचा लाडू डब्यात टाकून एकेकीच्या हाती दिला. कोणाचं तोंड वाकडं झालं, कोणी पदराआड हसली. परत मात्र कोणी केला नाही. सिस्टरबाई तेवढा वेळ मागच्या अंगणात उरलेल्या डब्यांना पट्टे ओढत बसली होती. पुढच्या घरात हसणं ऐकू येत होतं. मी मधे एकदा डोकावले तर म्हणाली, "इथे काय पाहतं? डबे सरले का?"

मग दर रविवारची फेरी सुरू झाली. आम्ही चौघीजणी आणि पुढे ती. लाल पट्ट्याचे डबे गोळा करायचे. काच, पत्रा, ब्लेडं भंगार घेणाऱ्या कबाड्याला. औषधाच्या शिश्या ती घरी उकळायची आणि दवाखान्यात पोचवायची, कारण तेव्हा मिक्श्चर घ्यायला शिशी घरूनच न्यावी लागे, आणि गरिबाजवळ शिशी नसे.  एका घरी तिनं डबा मागितला, तर आतून तांदळाचे पापड निघाले. ती बाई ओशाळली. सिस्टरबाईनं एक पापड उचलला, मोडून पाहिला. "चांगले झाले. पण काच कुठं आहे?"

ऐकायला गंमत वाटते. पण दर रविवारी तेच दार, तेच सांगणं, याचा किती शीण येतो ते करणाऱ्यालाच ठाऊक. वर्षभरात चौघींच्या दोघी झालो, मग मी एकटीच तिच्यामागे. मी म्हणायची, "राहू दे ना एक रविवार." ती म्हणायची, "जानकीनं सोमवार सोडला का?" बोलताना तीही भिंतीला टेकून उभी असायची. गुडघे दुखत होते, पण सांगायची नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. इतकी वर्षं नाही सांगितलं.

नागपूरचा मे महिना. दाराला गारव्यासाठी खसची ताटी, आणि तिला सारखं पाणी मारायला कडीचा डबा हाताशी पाहिजे. मी लाल पट्ट्याचाच घेतला. चार दिवसांपुरता, असं मनाशी म्हटलं. एका संध्याकाळी लाईट गेली. कंदील पुसताना काच हातातून सुटली. धाकट्याला गोवर निघालेला, तो रडत होता. मी तुकडे गोळा केले आणि राखेच्या टोपलीत टाकले. सकाळी वेगळे काढीन म्हटलं. सकाळी उठले, टोपली उकिरड्यावर रिकामी केली आणि आत आले. आठवलं ते जानकीबाईचा आवाज ऐकल्यावर.

तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट तळाशी कापलं होतं. सिस्टरबाई धावत आली. तिनं फडकं बांधलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, टाके घालून घेतले, इंजेक्शन द्यायला लावलं. बोट वाचलं. पण शीर तुटली होती. ते बोट पुन्हा वाकलं नाही.

संध्याकाळी सिस्टरबाई चहाला आली. माझ्या हातून चहा बशीबाहेर सांडला. तिला वाटलं, मी रक्त पाहून घाबरले.

"मी इचारलं तिले," ती म्हणाली, "कोणाच्या घरची काच होती म्हणून. तं म्हणते, रस्त्यावरची होती, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्यानं फेकली." मग कपात पाहत म्हणाली, "आपल्या गल्लीतली नव्हती. तेवढं बरं झालं वं."

तेवढं बरं झालं. मी मान हलवली. तुम्ही माझ्या जागी असता तर बोलला असता का, मला माहीत नाही. मी नाही बोलले. साखर हवी का, एवढं विचारलं.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. तिला नवल वाटायचं. "तू तं माझ्याहून पक्की निघाली," म्हणायची. मी पुढचं दार वाजवायची. पुढे तिचे गुडघे पारच गेले. पारशिवनीहून भाचा आला आणि घेऊन गेला. जाताना तिनं माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. तेव्हा सांगायचं होतं. भाचा म्हणाला, मावशी, एसटी सुटेल.

तीन वर्षांनी भाच्याचं पत्र आलं. झोपेतच गेली.

पत्र घेऊन मी बाहेर आले. जानकीबाई कोपऱ्यावर झाडत होती. तोवर गल्लीतले बरेच डबे कुठे कुठे गेले होते. कोणी तुळस लावली, कोणी तांदूळ भरले. मी सांगितलं, सिस्टरबाई गेली. ती थांबली. आणि मग माझ्या तोंडून निघालंच, "जानकीबाई, ती काच माझ्या घरची होती."

ती माझ्याकडे पाहू लागली. राग नव्हता. दमलेलं माणूस पाहतं तसं.

"मालूम है," ती आपल्या हिंदीत म्हणाली. "किसके घर का कचरा कैसा रहता, मेरेको नहीं मालूम होगा तो किसको? तुम्हारे घर के राख में थी. कंदील की काली काच थी."

"मग तिला का नाही सांगितलं?"

"सिस्टर तुम्हारेच घर चाय पीती थी ना," ती म्हणाली. "बताती तो छोड़ देती. फिर कहाँ बैठती वो?"

 तिनं झाडू भिंतीला लावला आणि नालीवरच्या पुलियाच्या कठड्यावर बसली. मीही शेजारी बसले. एवढ्या वर्षांत तिच्या शेजारी मी पहिल्यांदाच बसत होते. समोरून दूधवाला गेला, मास्तरांची सायकल गेली. 

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. अजून अर्धी गल्ली झाडायची होती.