नखभर मागे

सदर इसम मध्यम बांध्याचा, रंगाने सावळा, डाव्या तर्जनीवर भाजल्याची जुनी खूण. व्यवसाय : जुन्या मोटारींची दुरुस्ती. वर्तणूक चांगली, व्यसन नाही. शेजारी, गिऱ्हाईक व नातेवाईक यांच्याशी संबंध सलोख्याचे असून कुणाविषयीही मनात आकस नाही. दाखल्यातलं हे शेवटचं वाक्य लिहिताना सदर इसमाच्या साडूविषयी कुणी विचारलं नव्हतं.

या इसमाला सगळे दिवा मिस्त्री म्हणत. जुन्या इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी हे दोन चिमुकले पॉइंट ठरवतात. ते उघडले की ठिणगी पडते. मिस्त्री त्यांच्यातली फट पातळ पोलादी पात्याने मोजायचा. मग वायरला एक लहानसा बल्ब जोडून, पुलीची खूण जागेवर आणून, डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे ते पॉइंट ज्यात बसतात तो डबा, श्वास रोखून फिरवायचा. बल्ब लागला की तिथेच नट आवळायचा. आधी फट, मग ठिणगीची वेळ म्हणजे टायमिंग, आणि टायमिंग फक्त दिव्यावर. दिव्याशिवाय टायमिंग लावणाऱ्याला तो मिस्त्री म्हणत नसे. काय म्हणत असे ते छापण्यासारखं नाही.

धाकट्या साडूचं, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. तो टायमिंग कानाने लावायचा. इंजिन चालू ठेवून, मान तिरकी करून, डिस्ट्रिब्यूटर इकडेतिकडे करत राहायचा आणि मध्येच हसून ‘सापडलं’ म्हणायचा. दिवा मिस्त्री त्याला पाठीमागे कानसेन म्हणायचा. तोंडावर काहीच म्हणायचा नाही, कारण धाकटा त्याला दादा म्हणे, वाकून बोले, आणि अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

हेही चाललं असतं. पण मिस्त्रीची कंबर धरली आणि तो अंथरुणाला खिळला असताना डॉक्टरीणबाईंची गाडी धाकट्याकडे गेली. ती जुनी काळी गाडी बाईंचे यजमान, डॉक्टर, हयात होते तेव्हापासून मिस्त्रीच्याच हाताखालची. सगळ्या गावाला दिवा मिस्त्री ठाऊक होता तो त्या गाडीमुळे. बाई परत आल्या त्या मिस्त्रीच्या तब्येतीची चौकशी करायला, आणि दाराशीच म्हणाल्या, “तुमचे साडू भारीच हो. नुसता कान लावला आणि झालं. तुमचा तो बल्बाचा उपद्व्याप नाही की काही नाही.”

उपद्व्याप हा शब्द मिस्त्रीला कंबरेपेक्षा जास्त दुखला. त्यात बायकोने भर घातली. धाकटीचं नशीबच चांगलं, भाऊजी घरी वेळेवर येतात, असं ती भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली. मिस्त्रीने कूस बदलली आणि कंबर पुन्हा धरली.

गाडी पुढच्या वेळीही धाकट्याकडेच गेली. चढावर इंजिन खडखडतंय, अशी बाईंची तक्रार होती. मिस्त्री आपल्या दारातून बघत राहिला. नजरेने जळतं म्हणतात ते खरं असतं, तर त्या दिवशी समोरच्या दुकानाची पाटी तरी काळी पडली असती. दुपारी धाकट्याने बॉनेट लोटून ठेवलं, हात पुसले आणि रस्ता ओलांडून आला. जेवून येतो, तोवर दुकानाकडे जरा बघाल का दादा, असं म्हणाला आणि गेलासुद्धा.

मिस्त्रीने बघितलं. जाऊनच बघितलं. बॉनेट उचलून आधी पॉइंटच्या फटीत आपलं पातं घातलं. फट चोख होती, आणि हे त्याला मुळीच आवडलं नाही. मग त्याने डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल केला आणि डबा नखभर मागे फिरवला. ठिणगी उशिरा पडेल, गाडी चढावर धाप टाकेल, बाई कंटाळून जुन्या माणसाकडे परत येतील, एवढा साधा हिशोब. जन्मात पहिल्यांदा त्याने दिव्याशिवाय टायमिंग हलवलं. बल्ब आणायला रस्ता ओलांडावा लागला असता आणि तेवढ्यात कुणी पाहिलं असतं. नट आवळून तो परत आपल्या दारात येऊन बसला. धाकटा जेवून आला तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. गाडी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी गाडी मिस्त्रीच्याच दुकानापुढे लावली. मिस्त्री लगबगीने उठला. छातीत आनंद मावेना, चेहऱ्यावर मात्र काळजी आणली.

“काही त्रास देतेय का गाडी?”

“त्रास कसला? चढावर खडखड नावाला नाही. डॉक्टर होते तेव्हासुद्धा अशी चालली नव्हती. तुम्हाला म्हटलं ऐकवावं, तुमच्याच घरातला माणूस ना!”

‘डॉक्टर होते तेव्हा’ म्हणजे मिस्त्रीच्या हाताखाली. ते गिळून त्याने जरा बघू का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या बघा की, शिकायला मिळेल. त्याने खूण जागेवर आणली, बल्ब जोडला, डिस्ट्रिब्यूटर केसभर हलवून पाहिला. बल्ब ज्या जागी लागला तिथेच डिस्ट्रिब्यूटर कालपासून होता. कानसेनाने आवाजाच्या गोडीपायी ठिणगी जरा लवकर ठेवली होती, म्हणून ती खडखड. ठिणगीला जागेवर आणलं होतं मिस्त्रीच्या हाताने, रागाच्या भरात, आंधळेपणाने. आणि हे सांगायचं तर दुसऱ्याच्या दुकानात जाऊन नट कशाला सैल केला होता, तेही सांगावं लागणार होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते त्याला उभ्याउभ्या कळलं.

रस्त्यापलीकडून धाकटा हात पुसत आला. बाईंनी त्याच्यासमोर पुन्हा कौतुक केलं. तो लाजला आणि म्हणाला, “मलाच नवल वाटतंय दादा. काल तेवढं जमलं नव्हतं असं वाटलं होतं. आज परत करणार होतो.”

मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं. धाकट्याच्या चेहऱ्यावर संशयाची सावलीसुद्धा नव्हती, आणि मिस्त्रीला सगळ्यात जास्त तेच झोंबलं.

“मुरू दे,” तो म्हणाला. “हात लावू नकोस.”

बायकोला हा प्रसंग बहिणीकडून संध्याकाळच्या आत कळला. एकदा शिकून घ्या ना भाऊजींकडून, त्यात कसला कमीपणा, असं तिने सुचवलं. मिस्त्री जेवणावरून उठला नाही, एवढीच त्याची वर्तणूक.

गाडी अजून धाकट्याकडेच जाते. त्या टायमिंगला पुन्हा हात लावायची गरज पडलेली नाही.