समोर काढलेले दूध

दुधात पाणी घातलेले मी कधी खपवून घेतले नाही. केडगावात बिऱ्हाड केले तेव्हाच ठरवले की दूध दारात घ्यायचे नाही. गोठ्यावर जायचे आणि डोळ्यांसमोर काढून आणायचे. दौंडला रेल्वेच्या कचेरीत माझी नोकरी होती. सकाळची गाडी धरण्यापूर्वी किटली घेऊन मी कालव्याकडच्या गोठ्यावर जात असे. दूधवाला घरपोच द्यायला तयार आहे, असे पत्नीने एकदा सुचवले होते. पुन्हा सुचवले नाही.

गोठेवाल्याच्या वडिलांनी मेंढरे राखली होती. त्याने ती विकून चार एकर ऊस आणि तीन म्हशी केल्या. माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड. धार काढायची कासंडी मी त्याला आधी उलटी करायला लावत असे. भांड्याच्या तळाशी तांब्याभर पाणी ठेवून वर धार काढण्याची चलाखी मी इतरत्र पाहिली होती. तो रोज न चुकता कासंडी पालथी करून दाखवी.

"बघा आप्पा, आत हीर न्हाई."

त्याची बायको शेणाची पाटी भरता भरता म्हणे, "म्हशीचीबी झडती घ्या, आप्पा. पोटात टाकी बसवली आसंल."

मी हसत नसे. त्या दोघांना त्याची सवय झाली होती.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझी मुलगी तेव्हा वीस वर्षांची होती. पोलिसांत भरती व्हायचे तिने स्वतः ठरवले होते आणि येत्या भरतीच्या मैदानी चाचणीपलीकडे तिला काही दिसत नव्हते. पहाटे ती कालव्याच्या भरावावरून धावे आणि गोठ्यापाशी येऊन थांबे. तिथे मी तिच्यासाठी पितळी पेला भरून ठेवलेला असे. नुकतेच काढलेले, कोमट, कच्चे दूध. माझ्या वडिलांनी मला ते तसेच पाजले होते आणि तालमीतल्या मुलांनी त्यावर अंग कमावलेले मी पाहिले होते. एवढ्या पुराव्यावर मी ते शास्त्र मानत होतो.

तिला ते दूध आवडत नसे.

"वास येतो, बाबा. घरी तापवून पिते ना."

"तापवलं की कस जातो."

गोठेवाल्याची बायकोही एकदा म्हणाली, "पोरीला तापवून पाजा की, आप्पा. आमच्यात कुणी कच्चं पीत न्हाई."

"तुमच्या पोरांना कुठं भरतीला जायचंय?" मी म्हणालो.

ती पाटी उचलून उकिरड्याकडे गेली. मुलीने नाक दाबून पेला संपवला. पेला रिकामा होईपर्यंत मी समोरून हललो नाही. त्या दिवशीही नाही आणि कोणत्याच दिवशी नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मोठी म्हैस दुधावर आली. तिच्याजवळ रेडकू दिसेना, म्हणून मी विचारले.

"जगलं न्हाई, आप्पा," तो म्हणाला आणि त्याने कासंडी पालथी केली.

म्हैस आंबोण खात मुकाट्याने पान्हा सोडत होती. मी भांड्याचा तळ पाहिला. कोरडा होता. माझे समाधान झाले.

महिन्याभराने मुलीला ताप येऊ लागला. संध्याकाळी हुडहुडी भरे, रात्री घामाने अंथरूण भिजे आणि सकाळी अंग गार. पुढे कंबर धरली, मग डावा खुबा. गावातल्या डॉक्टरांनी आधी हिवतापाची औषधे दिली, मग विषमज्वराची. मध्ये ताप उतरला की ती उठे, दोन दिवस धावे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पडे. चाचणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने लाल शाईने गोल करून ठेवली होती.

अशक्तपणा आला आहे, असे मला वाटले. मी दुधाचा एक पेला वाढवला. ती गोठ्यावर येऊ शकत नव्हती, म्हणून किटलीतून घरी आणून, गरम न करता, तिच्या अंथरुणाशी बसून तो पाजला. हे लिहायला नको वाटते, पण लिहिले पाहिजे.

चाचणीच्या दिवशी ती अंथरुणातच होती. त्यानंतर तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारले, "घरी जनावरं आहेत?"

"नाहीत."

"दूध कुठलं घेता?"

"शुद्ध," मी म्हणालो. "समोर काढलेलं. हिला तर कच्चंच देतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "त्या गोठ्यात एखादं जनावर गाभडलं होतं का?"

मला ठाऊक नव्हते. दोन दिवसांनी रक्ताच्या तपासणीत आजार कळला. हा जनावरांचा रोग. त्याने गाभण जनावराचा गर्भ पडतो आणि पुढे हा रोग दुधातून माणसात येतो. दूध नीट उकळले की त्यातले जंतू मरतात. एका उकळीचे काम होते.

त्याच संध्याकाळी मी गोठ्यावर गेलो. किटली नेली नाही.

"मोठी म्हैस गाभडली होती?"

तो दावे सोडवीत राहिला. बायकोने डोक्यावरची पाटी खाली उतरवली.

"सातव्या म्हयन्यात टाकलं तिनं," ती म्हणाली.

"तू गप ऱ्हा."

"का गप ऱ्हाऊ? पोरगी निजून हाय त्यांची."

मग तो माझ्याकडे वळला. "गाभडली म्हटलं की गिऱ्हाईक उभं ऱ्हात न्हाई, आप्पा. बाजारात न्हेली तर कुणी दाव्याला हात लावत न्हाई. तुमी रोज पान्याचं इचारलं. पानी म्या थेंबभर घातलं न्हाई."

"रेडकाचंही विचारलं होतं."

मी जे बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. त्यातला शब्दही मी मागे घेतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्याच्या तोंडाशी उभा राहिलो. माझ्यासारखीच पाच-सहा घरची माणसे समोर काढलेले दूध न्यायला येत. प्रत्येकाला मी म्हैस गाभडल्याचे सांगितले आणि मुलीचा आजार सांगितला. गोठेवाला हात जोडून म्हणाला, "आप्पा, पोट हाय ह्याच्यावर." मी थांबलो नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग टोपीवाल्या एका गृहस्थांनी विचारले, "पण पाणी तर घालत न्हाई ना?"

"नाही."

"मग झालं तर," असे म्हणून त्यांनी भांडे पुढे केले. त्यांच्यामागे बाकीच्यांनी केले.

त्या माणसांचा मला जो संताप आला, तो घरी पोचेपर्यंत उतरला नव्हता. कालपर्यंत त्यांच्या जागी मीच होतो, हे त्या संतापात मला दिसले नाही. मुलगी खुब्याखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती. तिला मी गोठेवाल्याचे खोटे सांगितले, त्याची सारवासारव सांगितली, त्याला सोडणार नाही असेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हैस गाभडली हे तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "मला ते दूध नको होतं, हे माहीत होतं."

तिचा आवाज चढला नव्हता. मी खोलीतून बाहेर आलो.

दीड महिना गोळ्या चालल्या. ताप गेला, खुबा पूर्ववत झाला नाही. पुढच्या भरतीचा अर्ज मी आणून तिच्या टेबलावर ठेवला. तो तिथेच धूळ खात राहिला आणि मुदत टळल्यावर पत्नीने उचलला.

आता ती शिरूरला असते. मी गेलो की माझ्यासाठी दूध तापवते. उतू येईपर्यंत शेगडीपाशी थांबते, आच कमी करते आणि पुन्हा वर येऊ देते. स्टूल शेजारी असते, पण ती बसत नाही. मी दारात उभा असतो. तेवढा वेळ तिचा सगळा भार उजव्या पायावर असतो.