वायर पूजेच्या ताटात होती

आधीच सांगून ठेवते, भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीएक मानत नाही. अठरा वर्षं सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतेय. "मॅडम, आपोआप बंद पडला हो," असं सांगणारी माणसं रोज येतात. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी चहा सांडलेला असतो, आणि तो कुणी सांडला हे मी शोधून काढतेच! या पानावरचे असले अनुभव वाचून मी बरेचदा खो खो हसलेय, त्याबद्दल सगळ्यांची माफी. आज माझ्यावरच लिहायची वेळ आलीय.

गोष्ट गेल्या वर्षीच्या नवरात्रातली. माझं माहेर अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, यंत्रमागवाल्यांच्या गल्लीत. आम्ही तेलुगू, विणकर. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. घराच्या खालच्या मजल्यावर नायनांचे आठ माग होते आणि त्यांचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे, तेही ते स्वतःच. गल्लीतले बाकीचे कारखानदारसुद्धा अडलं की त्यांनाच हाक मारायचे. नायना सहा वर्षांपूर्वी गेले. माग भंगारात गेले. आता त्या हॉलमध्ये माझ्या मोठ्या भावाचा, अण्णाचा, चादरींचा माल असतो आणि खिडकीजवळ त्याच्या मुलीचं, पल्लवीचं टेबल. त्या टेबलावर मी जोडून दिलेला कॉम्प्युटर.

पल्लवी वीस वर्षांची. पोरीला पायलट व्हायचंय. बाहेरगावच्या एका विमान शाळेत प्रवेशासाठी सिम्युलेटरवर परीक्षा घेतात, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान उडवायचं आणि नीट उतरवायचं. तिथे ती एकदा नापास झाली होती. दुसरी संधी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिसरी संधी देत नाहीत. अण्णाने स्पष्ट सांगितलं होतं, "या खेपेला झालं तर झालं, न्हायतर बीकॉम पुरं कर आणि दुकानात बस."

आणि ती नापास का झाली माहितीय? माझ्यामुळे.

घरी मी जोडलेल्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरला एक खोड होती. विमान आकाशात असेपर्यंत सगळं झकास. धावपट्टी जवळ आली, खाली घरं-झाडं दिसायला लागली, की चित्र अडखळायचं. क्षणभर थांबायचं, मग एकदम पुढे उडी. पुन्हा थांबायचं. पल्लवी सहा महिने त्याच्यावरच शिकली, त्यामुळे तिच्या हाताला त्या अडखळण्याची सवय लागली. झटका येऊन जाईपर्यंत ती विमानाचं नाक उचलणारं हँडल ओढायचीच नाही. परीक्षेत मशीन गुळगुळीत चालत होतं, तरी हिचा हात थांबला, आणि विमान धाडकन आपटलं. तिथल्या सरांनी विचारलं, "तू उतरताना कशाची वाट बघतेस?" पोरगी घरी येऊन रडली, "आत्या, माझेच हात वाईट आहेत गं."

हात कशाला वाईट असतील! वाईट माझं काम होतं.

मग मी हट्टालाच पेटले. ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र चालवणारा प्रोग्राम, जुना घातला, नवा घातला. पंखे साफ केले. मेमरी बदलली. सावल्या कमी, ढग कमी, झाडं कमी... झटका काही जाईना. एक उपाय मला ठाऊक होता, खोटं कशाला बोलू. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलावं म्हणून मी मशीनच्या मागे लागले होते, आणि त्याला ते झेपत नव्हतं. कधी पंचावन्न, कधी चाळीस. ते तीसवर बांधून टाकलं तर संथ पण एकसारखं चालतं, असं कितीतरी जणांनी लिहिलेलं मी वाचलं होतं. पण मला पटेना. मी जोडलेलं मशीन, आणि ते निम्म्या वेगाने चालवायचं? लोक काय म्हणतील? अहो, लोक कुठले, त्या हॉलमध्ये चादरींशिवाय होतं कोण! पण माझा स्वभाव असा आहे त्याला काय करणार.

नायनांचं याच्या उलट होतं. धागा तुटायला लागला की ते पहिल्यांदा मागाचा वेग कमी करायचे. कामगार कुरकुरायचे, माल कमी निघतो म्हणून. ते ऐकायचेच नाहीत. मला मात्र त्यांनी कधी मागाला हात लावू दिला नाही. "पोरींचं काम न्हवं," एवढंच. त्याचा राग माझ्या मनात शेवटपर्यंत राहिला, आणि तो राग होता हे मी आज पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय.

तर अष्टमीच्या संध्याकाळी मी शेवटचा प्रयत्न करून बघितला. तसाच झटका. पल्लवी नुसती हँडलवर हात ठेवून बसली. "उद्या सकाळी येते, सगळं पुसून नव्याने टाकते," असं सांगून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पोचले, तर कॉम्प्युटर फुलांत बुडालेला!

खंडेनवमी होती. मी साफ विसरले होते. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. गल्लीत एक माग चालत नाही. आमचे माग गेले तरी अण्णाने पूजा सोडलेली नाही. कैची, कापड मोजायचा गज, वजनकाटा, स्कूटर, आणि आता हे. वहिनीने कॉम्प्युटर ओल्या फडक्याने पुसला होता आणि पुसायला अडचण नको म्हणून मागची वीज देणारी वायर उपसून, गुंडाळून, पितळी ताटात ठेवली होती. वर झेंडूचं फूल. शेजारी माउस, त्याला कुंकू. कीबोर्डवर अक्षता!

"वहिनी, अहो अक्षता आत जातात!"

"जाऊ द्या की. देवाचंच हाय."

मी वायर उचलायला गेले, तर अण्णा मधे उभा. "शोभा, आज मशीनला हात लावायचा न्हाय."

"अण्णा, परवा परीक्षा आहे!"

"असू दे. नायना असताना कधी खंडेनवमीला माग फिरला का? मग आज बी न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "नायना, नायना! नायनांच्या नावाने तू पोरीचं वाटोळं करणारेस. त्यांनी मला माग शिकवला नाही, आता तू तिला विमान शिकू देऊ नकोस. चांगली पद्धत आहे आपल्या घराची!"

अण्णाचे डोळे भरले. मलाही फार वाईट वाटलं, पण शब्द निघून गेले होते. मी चपला घालायला निघाले, तर पल्लवीने हात धरला. "आत्या, आरती तरी करून जा." म्हणून आरतीची वेळ होईपर्यंत, साडेअकरा वाजून जाईपर्यंत थांबले.

आरतीला आम्ही चौघेच. अण्णा, वहिनी, पल्लवी आणि मी, सगळे अनवाणी, खालच्या शहाबादी फरशीवर. पल्लवी एका हाताने मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. अर्धी आरती झाली असेल... आणि पायाखाली फरशी हलायला लागली. हलली म्हणजे काय, थरथरली. धडक-धडक, धडक-धडक, सावकाश, एका लयीत. मागांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, माग चालू असला की पायाला असंच लागतं. मी मनात म्हटलं, शेजाऱ्याने चालू केला वाटतं. आरती संपली तशी थरथर थांबली. वहिनीने विचारलं, "कुणाचा माग चालू हाय हो आज?" अण्णा बाहेर जाऊन गल्ली बघून आला. सगळ्या कारखान्यांना कुलपं होती. जवळपास एकही माग चालू नव्हता.

मी म्हटलं, रस्त्यावरून ट्रक गेला असेल. आणि तावातावाने घरी आले.

दसऱ्याला सकाळी सातलाच हजर झाले. पल्लवीची गाडी दुपारची होती. ताटातली वायर मी माझ्या हाताने काढली, कुंकू पुसलं, जोडली, मशीन सुरू केलं. नव्याने टाकण्याआधी एकदा बिघाड बघून घ्यावा म्हणून पल्लवीला म्हटलं, "एकदा उतरव."

ती निघाली. धावपट्टी दिसली, घरं आली, झाडं आली. मी दात आवळून झटक्याची वाट बघत बसले.

झटका आलाच नाही! चित्र पाण्यासारखं सरकत गेलं. पल्लवीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. "पुन्हा," मी म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. पोरगी किंचाळली, "आत्या, तू केलंस!"

मी कुठे काय केलं होतं? सेटिंग उघडून बघितलं. वेग तीसवर बांधलेला.

सेटिंग एका फाइलमध्ये साठवलेलं असतं, आणि ती फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ कॉम्प्युटर लिहून ठेवतो. मी ती बघितली. कालची तारीख. सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

पल्लवीने मोबाइल काढला. आरतीचा व्हिडिओ अकरा चाळीसला सुरू झालेला, पाच मिनिटांचा. त्यात आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय आणि वायर समोर ताटात आहे, फुलासकट. पूजेच्या तांब्यातलं पाणी मात्र थरथरताना स्पष्ट दिसतंय.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मी दुरुस्तीवाली, अशी थोडीच सोडणार! कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं, ते मोबाइलशी मिनिटाला मिनिट जुळत होतं. आतला सेल चांगला होता. घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, कुठून बाहेरून बदल यावा तर मशीनला वीजच नव्हती. अण्णाला फाइल कशाशी खातात ते माहीत नाही. पल्लवीने नायनांच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली, मी काही बदललं नाही म्हणून.

पण विचार करत बसायला वेळ होता कुणाला? दुपारी दोनपर्यंत पोरीने सत्तावीस वेळा विमान उतरवलं. पहिले आठ-दहा वेळा हात थांबायचाच. "वाट बघू नकोस, ओढ!" मी ओरडत होते. मग हात सुटला. शेवटच्या पाच वेळा तर असं उतरवलं की अण्णा चादरींच्या गठ्ठ्यावर बसून टाळ्या वाजवत होता. वहिनी गरम पुरणपोळी घेऊन आली आणि पोरीला जागेवरच भरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी दुकानात, हात प्रिंटरच्या शाईने काळेकुट्ट, समोर एक वयस्कर गिऱ्हाईक.

"आत्या... घेतलं मला!"

मी एवढ्या जोरात ओरडले की ते काका खुर्चीतून उठलेच. "काय झालं हो बाई?" "आमची पोरगी पास झाली!" त्याच काळ्या हातांनी डोळे पुसले, तोंड सगळं काळं, आणि मी हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळेना. गल्लीत अण्णाने पेढे वाटले. दुकानात बसायचं नाव पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी माहेरी गेले आणि आधी अण्णाची माफी मागितली. तो म्हणाला, "सोड गं. नायनांनीच केलं, बघ."

"नायनांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, अण्णा."

"मग कुणी केलं?"

गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी माझ्याकडे उत्तर असतं. त्या दिवशी नव्हतं, आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खुशाल लिहा, मी वाचेन, भांडेनसुद्धा. पल्लवी आता तिकडे शिकतेय, परवा तिने पहिल्यांदा खरं विमान उतरवलं. आणि मी नायनांच्या फोटोसमोर जाऊन एकच वाक्य बोलले, "पोरींचं काम हाय, नायना."